नवसाचं हाड

गाडी जोलीन चालवत होती.

व्हर्नाने ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. शिकागोपासून डुलुथपर्यंतचा रस्ता, त्यात बर्फ. अशा रस्त्यावर कर्टिसने आजवर कुणाला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता, सख्ख्या बापालासुद्धा नाही. आणि आज तोच लेक शेजारच्या सीटवरून उतरला, बायकोच्या खांद्यावर हात टाकून सावकाश पायऱ्या चढला.

'हिने स्टिअरिंग घेतलं, म्हणजे बाकीचंही घेतलंच असणार,' व्हर्ना पुटपुटली.

शेजारच्या फिलिसने तिला आधीच सावध केलं होतं. मागच्या गल्लीतल्या मर्नाची मुलं गेल्या थँक्सगिव्हिंगला अशीच गोड बोलत आली, टर्कीवर आडवा हात मारला, आणि नाताळाच्या आत मर्ना वृद्धाश्रमात. "जेवायला म्हणून येतात आणि घर बघून जातात," फिलिस म्हणाली होती. "तू आपली डोळ्यांत तेल घालून बस, व्हर्ना."

व्हर्ना तशी बसलीच होती. हे घर तिने आणि नवऱ्याने, हॅरल्डने, पै पै जोडून बांधलेलं. इथून ती आडवी झाल्याशिवाय बाहेर पडणार नव्हती, मग लेक येवो नाहीतर लेकाचा वकील.

"प्रवास नीट झाला ना?" तिने विचारलं.

"झाला. घाई केली नाही," जोलीन कोट काढत म्हणाली. "तुम्ही कशा आहात, आई? जिना चढता ना अजून?"

"जिना चढते, अंगणातला बर्फ लोटते, आणि ती टर्कीही मीच उचलून ओव्हनमध्ये घातली."

"बरं झालं," जोलीन म्हणाली आणि तिने कर्टिसकडे पाहिलं. कर्टिस गालिच्याकडे बघत होता.

हात धुवायला गेलेली जोलीन बराच वेळ परतली नाही. व्हर्ना बघायला गेली, तर बाई न्हाणीघराच्या दाराला टेप लावून उभी.

"काय गं, काही हरवलं का?"

"नाही, आई. दार जरा अरुंद वाटलं." टेप सरकन आत गेली. "ती खालची शिवणाची खोली हल्ली कोण वापरतं?"

"मी. शिवायला."

"हो, हो. सहज विचारलं."

सहज! व्हर्ना स्वयंपाकघरात गेली आणि रागारागाने बटाटे घोटू लागली. बाहेर दोघांची कुजबुज चालली होती. "आजच सांगून टाक," जोलीन म्हणत होती. "जेवण होऊ दे गं. तिचा सण आहे," कर्टिस म्हणाला. बटाट्यांचं पार पिठलं झालं, तरी व्हर्नाचा हात थांबेना. हा मुलगा तापात होता तेव्हा ती रात्ररात्र बसली होती. आणि आता तिलाच सांगून टाकायचं.

जेवणाआधी हाड ओढायचं, ही घरची जुनी रीत. गेल्या वर्षीच्या टर्कीच्या छातीचं ते बेचक्यासारखं हाड वर्षभर खिडकीत वाळत ठेवायचं. मग मायलेकांनी एकेक टोक करंगळीत धरून, मनात इच्छा धरून ओढायचं. ज्याच्या हाती मोठा तुकडा, त्याची इच्छा पुरी. कर्टिस दरवर्षी जिंकायचा. "आई असलीस म्हणून सोडणार नाही," असं म्हणून वर दात काढायचा.

व्हर्नाने करंगळी अडकवली. 'मला या घरातून कुणी हलवू नये,' ती मनात म्हणाली.

तिने अजून ओढलंही नव्हतं, तोच कर्टिसच्या बोटांतून त्याचं टोक सुटलं. अख्खं हाड तिच्या हातात.

"जिंकलीस," तो म्हणाला.

"मुद्दाम सोडलंस."

"नाही गं."

व्हर्नाने हाड ताटाशेजारी ठेवलं. मुद्दाम हरायचं ते पोरांसमोर आणि म्हाताऱ्यांसमोर. पोर तर ती नव्हती.

हॅरल्ड गेल्यापासून टर्की कर्टिस कापायचा. आज त्याने सुरीला हातही लावला नाही. "तूच काप, आई," म्हणाला. ही शेवटची टर्की म्हणून मान देतोय की काय? व्हर्नाने सुरी उचलली आणि एकेक काप सरळ, पातळ काढला. आपला हात थरथरत नाही, हे त्याला दिसायला हवं होतं.

मग प्रत्येकाने कशाबद्दल तरी देवाचे आभार मानायची पाळी आली.

"वाटेत सांभाळून आणलं, त्याबद्दल," जोलीन म्हणाली.

कर्टिसने सफरचंदाच्या रसाचा पेला दोन्ही हातांनी उचलला. "हे घर अजून आपलं आहे, त्याबद्दल."

ते 'अजून' व्हर्नाला सुईसारखं टोचलं. "मी धडधाकट आहे, त्याबद्दल," ती म्हणाली. "कुणाच्या आधाराशिवाय."

 जोलीनने एक ताटली पुढे ओढली आणि त्यातलं मांस बारीक बारीक कापायला घेतलं, अगदी दुधाचे दात असलेल्या पोरासाठी कापावं तसं. इथे मात्र व्हर्नाचा तोल सुटला.

"राहू दे ते. माझे दात शाबूत आहेत, हातही शाबूत आहेत. दारं मोजा, खोल्या विचारा, कोपऱ्यात कुजबुजा. मी मर्ना नाही, कर्टिस. मी इथून हलणार नाही."

"तुला कोण हलवतंय, आई?" कर्टिस हळूच म्हणाला. "चाकांची खुर्ची त्या दारातून जाईल का, एवढंच बघत होतो."

"मला नको तुमची चाकांची खुर्ची."

"माहीत आहे मला."

जोलीनने ती ताटली उचलून कर्टिसपुढे ठेवली, आणि तीन वर्षांचा असताना धरायचा तसा त्याने काटा मुठीत धरला.