तुंबलेली मोरी

कापसाला सोन्याचा भाव आला तशी अकोल्याच्या गोमाजीची दारू वाढली, आणि दारूबरोबर बायकोला, भागीरथीला, मारणंही. एक दिवस मोरी तुंबली. मोऱ्या साफ करणाऱ्या बुधाजीनं जुन्या खापरी नळात बांबूची कामटी घालून रक्तानं माखलेले कापसाचे बोळे ओढून काढले. भागीरथीनं मान खाली घातली.

"नळच जुना झाला. फोडून नवा टाक," गोमाजी म्हणाला.

बुधाजीनं तिचा फाटलेला ओठ पाहिला. "नव्या नळाचा खर्च कायले करता, मालक? बाईले मारनं सोडा, मोरी तुंबनार नाई."

गोमाजीनं त्याच्या डोक्यात काठी घातली. दुसरा घाव पडायच्या आत भागीरथीनं ती हिसकावली आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर हाणली. तो कळवळून खाली बसला.

"उठा, भाऊ," ती बुधाजीला म्हणाली. "ठाण्यात जाऊ. आज मले साक्षीदार भेटला."