आवाज थांबला की

काचेच्या केबिनमध्ये संशोधक मॅडमनी पाहुण्यांसमोर टॅबवर बोट टेकवलं आणि खाली कारखान्याच्या शॉपमध्ये झोपलेली पत्रे दाबायची प्रेस जागी झाली. भानुदासची किंकाळी काच भेदून वर आली. तो प्रेसमध्ये अडकलेला पत्र्याचा तुकडा काढत होता. त्याच्या मनगटापुढे आता नुसता लगदा उरला होता.

काम नसलं की मशीननं आपोआप झोपावं, वीज वाचवावी, ही मॅडमच्या प्रबंधातली कल्पना. गेल्याच महिन्यात इथं लागू केलेली.

मॅडम धावत खाली आल्या. रक्त पाहून त्यांचा आवाज चिरकला. "हात घातलाच कसा त्यानं? मशीन बंद नाही, नुसतं झोपलंय, म्हणून पिवळा दिवा लागला होता ना!"

"दिवा कोण बघतंय?" भानुदासचा भाऊ अंगावर धावून आला. "आवाज थांबला म्हणजे मशीन बंद, हेच इथं सगळे धरून चालतात!"

त्यानं घण उचलला आणि मुख्य पॅनेलवर घातला. ठिणग्या उडाल्या तरी तो घालतच राहिला. एकेक करत सगळी मशीनं थांबली.

शॉप चिडीचूप झालं. तसा प्रत्येक कामगार हात छातीशी घेऊन आपल्या मशीनपासून मागे सरकला.