चार पट्ट्या

विंग म्हणजे बाजूचा पडदा. त्याच्याआड गेलेला माणूस प्रेक्षकांना दिसत नाही. फ्लॅट म्हणजे रंगवलेली खोटी भिंत. ब्लॅकआउट झाला, म्हणजे सगळे दिवे गेले, की नटांनी जागचं हलायचं नाही. मार्क म्हणजे फर्निचरच्या पायांपाशी जमिनीवर चिकटवलेली पट्टी. तिच्यामुळे अंधारातही वस्तू नेमकी तिच्याच जागी ठेवता येते.

साठीला टेकलेल्या वहिनी नाट्यमंडळात पडद्यामागचं काम शिकत होत्या. शेवटच्या प्रयोगानंतर त्यांनी रंगमंचावरची एकूण एक पट्टी नखानं खरवडून काढली.

"वहिनी, पुरावासुद्धा ठेवला नाहीत की!" सेट लावणारे काका हसले. "पण बरोबर केलंत. जुना मार्क राहिला, की पुढचं नाटक भलत्याच जागी बसतं."

घरी लेक तिचं टेबल आतल्या खोलीत सरकवत होती.

"आई, अर्धी खोली रिकामी पडलीय, इथेच ठेवते. आणि जमिनीवर या चार पट्ट्या कसल्या गं? काढून टाकू?"

"राहू देत," वहिनी म्हणाल्या आणि त्या रिकाम्या जागेला वळसा घालून स्वयंपाकघरात गेल्या.



लेकीच्या बाबांचा आजारपणातला पलंग भाड्याचा होता. ते गेले त्याच संध्याकाळी दुकानदार तो घेऊन गेला होता.