पुढचा खांब

पदू बारवी धरणाकडच्या एका वाडीतला, अंबरनाथ एमआयडीसीत कामाला. लांबचं पळायला दमदार, पण सगळं अंतर एकाच चालीने कापायचा, म्हणून दरवर्षी कंपनीच्या शर्यतीत मागे पडायचा. सत्याऐंशी साली कंपनीच्या पळणाऱ्यांना शिकवणाऱ्या शेलारमास्तरांनी त्याला नवा सराव लावला.

"एका लाईटच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत जीव खाऊन पळायचं. तिथून पुढच्या खांबापर्यंत हळू. मग परत जोरात."

शर्यतीत असं करायचं नसतं, हे सांगायचं मात्र मास्तरांकडून राहून गेलं.

त्या वर्षीची शर्यत बदलापूरहून पदूच्याच वाडीपर्यंत होती. एक खांब जोरात, एक खांब हळू, असं करता करता पदू सगळ्यांच्या मागे पडला आणि मास्तरांनी कपाळाला हात लावला. मग शेवटच्या खांबापासून त्याने जोर धरला, तो पुढचा खांब येईचना. वाडीत वीजच पोचली नव्हती.

पदू पहिला आला.

हार घालताना पंचायत समितीच्या सभापतींनी जाहीर केलं, "पदूच्या मानासाठी पुढच्या शर्यतीच्या आत वाडीपर्यंत लाईट आणतो."

सगळी वाडी टाळ्या वाजवू लागली.



शेलारमास्तर तेवढे सभापतींच्या कानाशी लागले. "साहेब, खांब जरा लांब लांब लावता येतील का?"