सोळावरचा एसी

एसी सोळावर आणला, तरी शहरबानू सोफ्यावरून हलली नाही. मफलरचा विणून झालेला भाग तिनं गळ्याभोवती घेतला आणि सुया चालूच ठेवल्या.

बाहेर शारजाचा जून, चपलेचा तळ डांबराला चिकटावा असं ऊन. आणि ही बाई कंपनीच्या रिसेप्शनमध्ये लोकर घेऊन बसलेली. मंदीत दुबईतली साइट बंद पडली, तिच्या नवऱ्याला, मुनीरला, घरी बसवलं, पण पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. त्यानं स्वतःहून राजीनामा लिहून द्यावा, मगच तो मिळणार. म्हणजे थकलेला पगार, भरपाई, सगळ्या हिशेबातून कंपनी मोकळी. मुनीर लिहायला बसलाही होता. शहरबानूनं पेन हिसकावलं आणि थेट इथं आली.

बाईमाणसाला वॉचमन हात लावेना. म्हणून मॅनेजर शैलेंद्र प्रभुणेनं हा थंडीचा इलाज काढला.

लोकर सगळ्यात स्वस्तातली, वीण त्याहून सोपी. एक सुलट, एक उलट. पुढच्या ओळीत सुलटावर उलट, उलटावर सुलट. दोन्हीकडून सारखाच दाणा. रिसेप्शनवरच्या मुग्धानं विचारलं, याची वरची बाजू कुठली? शहरबानू म्हणाली, तुझ्याकडे येईल ती.

आठवड्यात मफलर सोफ्यावरून उतरला, दाराबाहेर पडला, जिन्याला लागला. वॉचमन म्हणतो, तीन मजले खाली गेला होता. त्याचं काही ऐकू नका, दोनच गेला होता. कुडकुडणारी मुग्धा मफलरच्या एका घडीत शिरली, मग अकाउंटंट, मग चहा करणारा दौलत. फोनसुद्धा मफलरातूनच उचलले जाऊ लागले. रिमोट साहेबांच्या खिशात, मागणार कोण?

शेवटी साहेबच नाक पुसत आले.

"भाभी, माझ्या हातात काही नाही. मालकाचा हुकूम आहे. मुनीरला सांगा, सही कर, खलास."

शहरबानूनं सरकून जागा केली आणि मफलरचा एक वेढा त्याच्याही खांद्यावर टाकला.

"बसा साहेब. तुमचा पासपोर्ट कुठाय?"

शैलेंद्र बसला. त्याची नजर कपाटाकडे गेली. मग वेढ्यासकट उठला, तसं मफलरातलं अख्खं ऑफिस त्याच्यामागून ओढलं गेलं, पार कपाटापर्यंत. त्यानं किल्ली फिरवली, मुनीरचा पासपोर्ट काढला, पाठोपाठ स्वतःचा काढला, आणि कपाट तसंच उघडं ठेवून बाजूला झाला.