लाजण्याचा शॉट

"राक्षस तुला उचलतो, तू तीनदा 'सोड' म्हणतेस आणि मग लाजतेस. राजकन्येला आवडायला लागतं गं," सेटवर डायरेक्टर सरांनी समजावलं.

"पळवून नेणाऱ्याला बघून लाजायचं कसं?" मी मुकुट सावरत म्हणाले. "करून दाखवा ना, सर."

प्रत्येक शॉट स्वतः करून दाखवायची सरांना भारी हौस. त्यांनी माझी ओढणी घेतली. राक्षस झालेल्या विश्वंभरने त्यांना खांद्यावर टाकलं आणि तो गुहेकडे निघाला.

"सोड! अरे, सोड!"

विश्वंभर गोंधळून थांबला. मी स्क्रिप्टमध्ये बघितलं. "दोनदाच झालंय. चल तू."

"सोड म्हणतो ना, गाढवा!"

उलटं लटकून सरांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बघा," मी सगळ्या युनिटला म्हणाले, "लाजले!"