एक दाबा

खोटं बोलणाऱ्याच्या हातात निकाल तुम्ही दिलात, साहेब. आणि त्याला पकडणाऱ्याला नापासही तुम्हीच केलंत.

हे वाक्य ललिताच्या ओठांपर्यंत आलं आणि तिने ते गिळलं. समोर साहेब नव्हतेच. नोटीस बोर्ड होता, आणि त्यावर ‘महिन्याची सर्वोत्तम’ म्हणून रेवाचा फोटो. सलग तिसरा महिना. खाली लिहिलं होतं, टीम लीडरच्या जागेसाठी रेवाचं नाव पुढे. अट एकच, महिनाअखेरपर्यंत एकही ‘एक’ पडता कामा नये.

पनवेलच्या त्या कॉल सेंटरमध्ये दोघी शेजारी बसायच्या. मिक्सर, पंखे, इस्त्र्या यांच्या तक्रारी घ्यायच्या. कॉल संपला की गिऱ्हाईक एक ते पाचमधला आकडा दाबायचं. पाच म्हणजे उत्तम. एक म्हणजे संपलंच. एक पडलेला प्रत्येक कॉल वरचे साहेब स्वतः ऐकायचे.

ललिता खोटं पकडायची. हळदीच्या मांडवात चार दिवस फिरवलेले पंखे लोक ‘उघडलेच नाहीत’ म्हणून परत करायचे.

“दादा, तुम्ही पाठवलेल्या फोटोत पात्याला हळद लागलीय,” ती सांगायची.

दादा शिवी घालायचा आणि एक दाबायचा. मग साहेबांचं बोलावणं. “पंख्याचं सोडा. तुमचा टोन बघा.”

रेवाला मात्र पाच. कायम पाच. ती काय करत असणार, हे ललिताला पक्कं ठाऊक होतं. येईल त्याला हो म्हणत असणार. तोंडात साखर, घरी पुण्याचं वळण, अजून काय लागतं? रेवाचं हसणं तिला सहन होईना. रेवाची पाण्याची बाटली सहन होईना. रेवाने डब्यातली वडी पुढे केली की ती “भूक नाही” म्हणायची आणि उपाशी बसायची.

महिन्याचा शेवटचा बुधवार. ललिताची सुट्टी. करंजाड्यातल्या घरात तिने आईचा मोबाइल उचलला. आईच्या नावावर याच कंपनीचा मिक्सर होता. त्याची जुनी तक्रार रेवाने घेतली होती. तो तक्रार क्रमांक दाबला की कॉल तिच्याकडेच जाणार. एक खोटी तक्रार आणि एक आकडा. बस.

“नमस्कार, मी रेवा बोलतेय. काय मदत करू?”

ललिताने आईची बोली काढली. पनवेलजवळच्या आपटा गावची. ऑफिसात ही बोली तिने चुकूनसुद्धा बाहेर येऊ दिली नव्हती.

“मिक्सर बंद पडलाय. आमाला नवीन पायजे.”

“भांडं फुटलंय की मोटर बंद आहे, ताई?”

“समदंच. चालूच होत नाय. तुमी लोक फसवताय.”

त्याच क्षणी आत आईने ओल्या खोबऱ्याची चटणी वाटायला घेतली. घर्रर्र. चांगलं लांबलचक घर्रर्र.



“वाटून होऊ द्या, ताई. मी आहे लाइनवर.”

ललिताचे कान तापले. “शेजारचा हाय तो.”

“हो का? छान चालतोय शेजाऱ्यांचा. आवाजावरून आमचाच वाटतोय.” रेवा हसली, पण टोचेल असं नाही. “मग तुमची तक्रार ठेवू की काढू? काढली तरी चालेल. मी कुणाला काही विचारणार नाही.”

ही हो म्हणाली नव्हती. पकडलं होतं तिने. सरळ, मानेला धरून. फक्त पळायला वाट ठेवली होती.

“काढा,” ललिता म्हणाली. आता तिला फोन ठेवायची घाई झाली. आणि चार वर्षं दिवसाला सत्तर वेळा म्हटलेलं वाक्य, घोटीव ऑफिसच्या मराठीत, तोंडातून आपोआप निघून गेलं.

“आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद. आपला दिवस शुभ असो.”

आत मिक्सर थांबला.

“ललिता?”

ललिताने फोन कानावरून काढला, पण ठेवला नाही.

“एक दाबायला फोन केलास ना?”

“हो.”

“रोज दहा खोटे मलाही सापडतात गं. पकडते, आणि वर माफी मीच मागते. पाच पाहिजेत म्हणून. तू कधी मागत नाहीस. शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकते मी तुला आणि घरी जाईपर्यंत जळत असते.”

“माझ्यावर?”

“मग कुणावर, साहेबांवर?” रेवाने आवाज खाली आणला. “ऐक. आपण मीटिंगमध्ये बोललेलं कुणी ऐकत नाही. पण एकचा कॉल साहेब ऐकतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत. रेकॉर्डिंग चालू आहे. काय बोलायचंय ते बोल आणि मग दाब.”

“तुझी जागा जाईल, रेवा.”

“तुझी नोकरी जाईल. बोलतेस की ठेवू?”

ललिताने अंगठा एकच्या आकड्यावर नेला. घसा साफ केला. ऑफिसची मराठी तिला आठवेना. आठवायचीही नव्हती.

“सायेब, मी ललिता. आज खोटी मी हाय. हिनं मला पकडली. आनि आकडा मातर माज्या हातात हाय. मंग नापास ही कशी? सांगा.”